तीन उन्हाळ्यांचे तीस अंश

प्रबंधाच्या पाच प्रती औरंगपुऱ्यातल्या बाइंडिंगवाल्याकडून उचलून मी रिक्षात बसले, तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते आणि मे महिना अगदी भरात होता. काळा कापडी पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरं. पाचही प्रती मांडीवर घेतल्या होत्या. पुठ्ठे तापून चटके बसत होते, तरी बाजूला ठेववत नव्हतं. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "मॅडम, वकील है क्या?" मी म्हटलं, "डॉक्टर." खरं तर पहिल्या पानावरच्या प्रमाणपत्रावर सरांची सही व्हायची होती, प्रबंध जमा व्हायचा होता, तोंडी परीक्षा तर फार लांब. बाजारात तुरी म्हणतात, त्यातलाच प्रकार. पण सात वर्षं घासल्यावर एवढं खोटं बोलायला हरकत नाही, असं मला वाटलं.

घाई नुसती हौसेची नव्हती. माझे मार्गदर्शक सर त्या महिनाअखेरीला निवृत्त होत होते. त्यांचा शेवटचा कामाचा दिवस म्हणजे पुढच्या आठवड्यातला शुक्रवार. त्या दिवशी पाचपर्यंत त्यांची सही होऊन प्रबंध ऑफिसच्या खिडकीत जमा झाला, तर मी सुटले. नाही झाला तर नवा मार्गदर्शक, नव्याने नोंदणी, पुन्हा समितीपुढे उभं राहणं. ज्यांचं असं झालं होतं त्यांना मी पाहिलं होतं. दोन वर्षं तर नुसती कागदांत जायची, आणि काही जणांनी मधेच नाद सोडला होता. त्या दिवशी बुधवार होता. हातात नऊ दिवस होते आणि काम फक्त एका सहीचं होतं.

आमचं कॉलेज जालना रोडपासून जरा आत. संशोधन केंद्र हे नाव मोठं, प्रत्यक्षात वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. माझी पश्चिमेची. मी तिथेच तासिका तत्त्वावर शिकवायचे. म्हणजे जूनपासून एप्रिलपर्यंत मुलांची प्रात्यक्षिकं घ्यायची, परीक्षेला टेबलं मांडायची, आणि मुलं सुटीवर गेली, लॅब रिकामी झाली, की मग स्वतःचं काम काढायचं. आमच्याकडे संशोधन करणाऱ्या सगळ्यांचं असंच. लोक उन्हाळ्यात महाबळेश्वरला जातात, आम्ही वरच्या मजल्यावर जायचो. पंखासुद्धा लावता यायचा नाही, कारण बर्नरची ज्योत विझते.

काम होतं शेतातल्या मातीत राहणाऱ्या एका जिवाणूवर. जिवाणूच्या पेशीत जनुकं हजारो असतात, पण ती वाचणारं यंत्र एकच, आणि ते बिचारं आंधळं. कुठून वाचायला सुरुवात करायची हे त्याला कळत नाही. ते दाखवायला एक छोटं प्रथिन त्याला येऊन चिकटतं, त्याला सिग्मा म्हणतात. रोजच्या दिवसांचा सिग्मा वेगळा, संकटाच्या दिवसांचा वेगळा. उष्णता वाढली की संकटाचा सिग्मा पुढे होतो आणि पेशीला तगवणारी जनुकं शोधून काढतो. अशा प्रत्येक जनुकाच्या अलीकडे एक छोटा पट्टा असतो, त्याला प्रमोटर म्हणायचं. त्यात डीएनएच्या अक्षरांच्या दोन खुणा असतात आणि दोन्ही खुणांच्या मध्ये ठरावीक अंतर. दोन-चार अक्षरं इकडची तिकडे झाली, तर सिग्मा ओळखसुद्धा दाखवत नाही. माझे वडील, आबा, दुसऱ्याच्या कळपात मिसळलेलं आपलं मेंढरू असंच ओळखतात. आधी कानाची कापलेली खूण बघतात, मग पाठीवरचा रंग, आणि दोन्ही जुळलं तरच हात घालतात.

सुखाच्या दिवसांत हा सिग्मा मोकळा नसतो. दुसरं एक प्रथिन त्याला धरून बसलेलं असतं, आणि ताण आला की ती पकड सुटते. हे झालं पुस्तकातलं. माझ्या प्रबंधाचा चौथा भाग असं सांगत होता, की आमच्या मातीतल्या या जिवाणूचा सिग्मा पुस्तकाचं ऐकत नाही. तो ताणाची वाट बघत नाही, आधीच कामाला लागतो.

पुरावा साधा होता. मी त्या प्रमोटरच्या पुढे असं जनुक जोडलं होतं, की सिग्माने प्रमोटर ओळखला तर नळीत घातलेलं रंगहीन औषध पिवळं पडेल. पिवळं म्हणजे ओळखलं, पांढरं म्हणजे नाही. बेचाळीस अंशांवर नळी पिवळी व्हायची, ती व्हायलाच हवी होती. तीस अंशांवर हा जिवाणू सुखात असतो, तिथे ती पांढरी राहायला हवी होती. माझी पिवळी व्हायची. जरा फिकी, पण पिवळी. सिग्मा काढून टाकलेल्या जिवाणूत मात्र रंगच यायचा नाही, म्हणजे हे काम सिग्माचंच. तीन उन्हाळे मी तोच प्रयोग केला आणि तिन्ही उन्हाळ्यांत तेच आलं. पहिल्यांदा ती नळी पाहिली तेव्हा सर खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले होते. "हा नियम मोडणारा निघाला," ते म्हणाले होते, आणि त्या दिवशी सगळ्या विभागाला त्यांनी समोसे खाऊ घातले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हाताखाली पहिल्यांदाच काही नवं सापडलं होतं.

तर प्रती घेऊन मी वर आले आणि बघते तो बाकावर आबा बसलेले. आमची मेंढरं त्या दिवसांत गंगापूरकडे, ऊस तुटलेल्या रानात खतासाठी बसवली होती. आबा जंताचं औषध घ्यायला एसटीने आले होते. दुकान दुपारी बंद, म्हणून सावली शोधत माझ्याकडे. आमचे लॅब अटेंडंट, ज्यांना सगळे चाचा म्हणतात आणि जे रोज खुलताबादहून ये-जा करतात, त्यांनी आबांना पाणी देऊन बसवलं होतं.

मी प्रती दाखवल्या. आबांनी एक हातात घेऊन तोलून बघितली. "लई जड हाय की गं. समदं तूच लिव्हलं?"

"व्हय," मी म्हटलं. आबांशी बोलताना माझी जीभ आपोआप घरी जाते.

"मंग आता झाली का तू डाक्टर?"

"पुढच्या शुक्रवारी सरांची सही झाली, की निम्मी झाले."

सर जायच्या आधी जिवाणूचे नमुने गोठवून ठेवायचे होते, म्हणून ज्या इनक्युबेटरमध्ये, म्हणजे ठरावीक तापमान राखणाऱ्या कपाटात, मी तिन्ही उन्हाळे प्रयोग केले, त्यातच तीस अंशांवर दोन फ्लास्क फिरत होते. मी त्यातला एक काढून टेबलावर ठेवला आणि बर्नर पेटवायला वळले. तेवढ्यात आबांनी तो उचलला.

"आबा, हात नका लावू."

"ह्ये त्येच का, तू सांगती ते तापातले?"

"नाही, हे सुखातले. तापातले बेचाळीसवर असतात. ठेवा खाली."

आबांनी फ्लास्क खाली ठेवला नाही. त्याच्या बुडाला तळहात लावला, मग हात उलटा करून लावला, आजारी मेंढराच्या कानाच्या मुळाशी लावतात तसा. "सुखातलं कशाचं, माय," ते म्हणाले, "ताप हाय ह्येला."

मला राग पटकन येतो. घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कोणी मनावर घेत नाही. मी म्हटलं, "आबा, ते मेंढरू नाही. मशीनवर लाल अक्षरांत तीस लिहिलंय, दिसत नाही का?"

"आकडा दिसायलाय की," आबा शांतपणे म्हणाले. "म्या हाताचं सांगायलो." आणि फ्लास्क ठेवून ते माठाकडे पाणी प्यायला गेले.

तो जागेवर ठेवायला मी उचलला. माझ्या हातात हातमोजे होते, सात वर्षं असतच. का कोण जाणे, मी एक मोजा काढला. तीस अंशांची वस्तू हाताला गार लागते, हे आठवीच्या मुलालाही कळतं. तो फ्लास्क नुकत्याच काढलेल्या दुधाच्या भांड्यासारखा कोमट होता.

इनक्युबेटरच्या डोक्यावर थर्मामीटर घालायचं एक भोक असतं. त्यात कापसाचा बोळा होता. मी चाचांना विचारलं, इथला थर्मामीटर कुठे गेला? चाचा म्हणाले, "वो तो कब का फूट गया मॅडम. छेद में कापूस मैंनेच ठूसा, गरमी बाहर नै जाना करके." मी स्टोअरमधून नवा थर्मामीटर काढला, पाण्याच्या फ्लास्कमध्ये बुडवला, इनक्युबेटरमध्ये ठेवला आणि दार लावलं. समोर स्टुलावर बसले. दार उघडायचं नाही, एक तास बघायचं नाही, असं स्वतःला बजावलं. आबा बाकावर डोळे मिटून पडले होते. लाल आकडा तीस दाखवत होता.

त्या तासात मला सगळं कळून चुकलं होतं, पारा बघायची गरजच नव्हती. आमच्या यंत्रात गरम करायची सोय होती, गार करायची नव्हती. खोली बावीस अंशांची असली तर ते तीसपर्यंत तापवायचं. खोलीच चाळिसाच्या घरात असली, पंखा बंद, पश्चिमेचं ऊन भिंतीवर, तर ते काय करणार? हीटर बंद करून गप्प बसायचं. आणि दर्शनी पट्टीवर दिसायचा तो आत असलेला आकडा नव्हे, आपण सांगितलेला. हिवाळ्यात हे यंत्र खरं बोलत असेल. पण हिवाळ्यात आम्ही ते वापरायचोच कुठे?

तासाभराने दार उघडलं. पारा चाळिसाच्या एक रेघ खाली होता.

मी नोंदवही काढली. तापमानाच्या रकान्यात पहिल्या ओळीत ३०, आणि त्याखाली पानंच्या पानं डिट्टोच्या खुणा. तीन उन्हाळ्यांच्या. माझ्या आधीच्यांचीही तीच तऱ्हा. मी पहिल्यांदा लॅबमध्ये आले तेव्हा एका सिनियर ताईने शिकवलं होतं, "तापमानाला डिट्टो कर गं, बदलतंय कुठे ते." पुढे मीही धाकट्यांना तेच शिकवलं. तीन वर्षं मी या पिवळ्या रंगाचं कारण जनुकांच्या अक्षरांत शोधत होते, आणि ते माझ्या हाताखालच्या यंत्रात होतं. काखेत कळसा, दुसरं काय. माझे सुखातले जिवाणू कधी सुखात नव्हतेच. ते पहिल्या दिवसापासून तापात होते, आणि त्यांचा सिग्मा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मुकाट्याने आपलं काम करत होता.

चार वाजता आबा उठले, टोपी घातली. "जातो माय. जेवत जा येळेवर." त्यांना काहीही पत्ता नव्हता, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

रात्रभर मी स्वतःची समजूत काढत होते. चाळीस म्हणजे काही बेचाळीस नव्हे. कदाचित एवढ्याने सिग्मा सुटत नसेल. कदाचित खऱ्या तीसलाही नळी पिवळी होईल आणि हा सगळा घोर फुकटचा ठरेल. हे कळायला एकच मार्ग होता. तीन खोल्यांपैकी एकीत एसी होता. गुरुवारी सकाळी मी आणि चाचांनी तो इनक्युबेटर ट्रॉलीवर चढवून ढकलत तिकडे नेला. चाचांनी विचारलं, "काम तो हो गया ना मॅडम, अब काय को?" मी म्हटलं, थोडं राहिलंय. भोकातला बोळा काढून थर्मामीटर घातला. दर अर्ध्या तासाने वाकून पारा वाचला आणि आकडा लिहिला. तीस. पुन्हा तीस. साडेएकोणतीस. तीस.

दुपारी तीन नळ्या स्टँडवर लावल्या. एक बेचाळीसची, एक खऱ्या तीसची, एक सिग्मा नसलेली. औषध घातलं, घड्याळ लावलं. बेचाळीसची नळी बघता बघता हळदीच्या पाण्यासारखी झाली. मी तीसच्या नळीवरून नजर हलवली नाही. पिवळी हो, मी मनात म्हणत होते. थोडीच हो. आयुष्यात मी देवाकडे पावसासाठी, मेंढरांसाठी, परीक्षेसाठी मागितलं होतं, पण आपलीच शंका खोटी निघावी म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा मागितलं. अर्धा तास झाला. पाऊण झाला. मी नळीमागे कोरा कागद धरला, कागद फिरवला, खिडकीशी नेली. शेवटी चाचांना बोलावलं आणि विचारलं, "चाचा, ही जरा पिवळी दिसते का?"

चाचांनी चष्मा वर केला, नळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आप बोलो तो दिखती," ते म्हणाले.

मी नळी स्टँडवर ठेवून दिली. चाचांवर रागावता येईना, ते साधेपणाने म्हणाले होते. शुक्रवारी पुन्हा केला प्रयोग, शनिवारी पुन्हा. तिन्ही वेळा नळी पांढरीच राहिली.

सोमवारी सकाळी सरांचा फोन आला. "प्रती आल्या ना? घेऊन ये, सही करून टाकतो. मग शेवटच्या दिवशी गर्दी होते." माझ्या तोंडून निघालं, "सर, एका प्रतीत पान उलटं बांधलं गेलंय, दुरुस्तीला दिलीय." प्रती माझ्या खोलीत पलंगावर होत्या. मी भांडखोर आहे, तोंडाळ आहे, पण सरांशी खोटं त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. त्या दिवशी मी स्वतःला पुष्कळ गोष्टी सांगितल्या. बाहेरून येणारा परीक्षक काही इनक्युबेटरला हात लावून बघणार नाही. प्रमाणपत्रावर लिहिलंय की हे संशोधन उमेदवाराने स्वतः केलं आहे, आणि ते तर शब्द न् शब्द खरं आहे. अख्ख्या प्रबंधात खोटा असलाच तर एक आकडा. तोही मी बनवलेला नाही, यंत्राने दाखवलेला. कोणाच्या बापाला कळणार होतं? हे वाक्य मनात आलं आणि मी पुढचा विचार थांबवला.

मंगळवारी दुपारी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते पुस्तकं खोक्यात भरत होते. मी टेबलावर नोंदवही आणि थर्मामीटर ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. इनक्युबेटर, कापूस, चाळीस, एसीची खोली, तीन वेळा पांढरी.

सर बसले. "थर्मामीटर तपासलास?"

"दोन वेगवेगळे लावले, सर."

"कल्चर त्याच वयाचं होतं? औषध जुनं नव्हतं ना?"

"बेचाळीसची नळी त्याच औषधाने पिवळी झाली."

ते एकामागून एक विचारत राहिले, आणि मला कळत होतं की ते माझा नवा प्रयोग चुकीचा ठरवायला कुठे फट सापडते का ते बघताहेत. मीही मनातून तेच मागत होते. प्रश्न संपले. मग ते उठले आणि त्यांनी दार लावलं.

"कोणाला बोललीस?"

"कोणालाच नाही."

"चौथा भाग काढला तर काय उरतं?"

"काहीच नाही, सर. बाकीचे भाग त्याच्यासाठीच आहेत."

"आणि सगळं पुन्हा करायचं म्हटलं तर?"

"सगळे प्रमोटर, दोन्ही तापमानं, तीन-तीन वेळा. चार महिने."

"मला तीन दिवस आहेत," सर म्हणाले. बराच वेळ ते त्या थर्मामीटरशी चाळा करत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "शुक्रवारी चार वाजता मी इथे असेन. तू प्रती आणल्यास तर मी सही करीन. नाही आणल्यास तर नाही. यापुढे मी तुला काही सांगणार नाही."

"सर, पण तुम्ही सांगा ना काय करू."

"नाही."

त्या क्षणी सरांचा मला इतका राग आला, की मी नोंदवही हिसकल्यासारखी उचलली. त्यांनी रागवावं, शिव्या द्याव्यात, नाहीतर गप्प बस म्हणून दटावावं, काहीही चाललं असतं. मोठ्या माणसाने ओझं असं आपल्या डोक्यावर ठेवून बाजूला व्हावं, हे मला सहन होत नव्हतं. जिन्यावर येऊन मी भिंतीला टेकून रडले. रडणं दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं.

बुधवार-गुरुवार हाताला काहीतरी हवं म्हणून मी एसीच्या खोलीत नवे फ्लास्क लावले आणि पुन्हा पहिल्या प्रमोटरपासून मोजमापं सुरू केली. ठरलं काहीच नव्हतं. खरं सांगायचं तर शुक्रवारी मी प्रती घेऊनच निघाले. चांगली साडी नेसले होते. पाचही प्रती पिशवीत घालून रिक्षाने कॉलेजला आले. पावणेचारला वर पोहोचले आणि सरांकडे जायच्या आधी सवयीने एसीच्या खोलीत डोकावले, फ्लास्कची नोंद राहिली होती म्हणून. पिशवी टेबलावर ठेवली, वही ओढली, वेळ लिहिली, आणि तापमानाच्या रकान्यात पेन टेकवलं.

पेनाने डिट्टोची खूण केली होती. मी पाऱ्याकडे बघितलंही नव्हतं.

मी त्या दोन छोट्या रेघांकडे बघत उभी राहिले. एवढं होऊन माझा हात पुन्हा तेच करत होता. आज सही घेतली तर हा हात जन्मभर हेच करणार, आणि मी दुसऱ्यांना हेच शिकवणार, हे मला लख्ख दिसलं. मी त्या रेघा खोडल्या. पारा वाचला, आकडा लिहिला. पिशवी तिथेच टेबलावर राहू दिली आणि चाचांना म्हटलं, लक्ष ठेवा.

सरांच्या केबिनच्या भिंती रिकाम्या झाल्या होत्या. टेबलावर फक्त पेन होतं, टोपण काढलेलं. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं.

"प्रती?"

"आणल्या नाहीत, सर."

"खालून आणायच्या आहेत, की आणणारच नाहीस?"

"आणणार नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी तशीच उभी होते. लपवत नाही, मला शाबासकी हवी होती. दोन वर्षं हातची घालवून बसले होते, निदान पाठीवर एक हात तरी पडावा असं वाटत होतं. सर खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"माझ्या वेळी मलाही असंच एक सापडलं होतं," ते म्हणाले. "जमा करायच्या आठवडाभर आधी." "तरी मी प्रबंध सहीला आणला होता."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. ज्या माणसाला मी सात वर्षं घाबरत आले, ज्याच्यासारखं व्हायचं म्हणून ही सगळी खटपट केली, तो माणूस हे बोलत होता. त्यांची दया आली आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदमच.

"मग, सर?"

"मग काय. सही झाली. डॉक्टर झालो, नोकरी लागली, इतकी वर्षं शिकवलं." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "सुरुवातीला वाटायचं कोणीतरी विचारेल. तोंडी परीक्षेत नाही विचारलं. पुढे कुठल्या सभेत नाही, कुठल्या विद्यार्थ्याने नाही. आज शेवटचा दिवस. कोणीच विचारलं नाही."

घड्याळात सव्वाचार झाले होते. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"काय सापडलं होतं, सर?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सांगायला सुरुवात केली. खाली ऑफिसची खिडकी पाचला बंद झाली, तेव्हा ते अजून सांगत होते.